सरांचा सल्ला आणि साइडकारवाली मोटारसायकल

मी एक जादा सिमकार्ड घेतलं, एवढंच. हसू नका. म्हाताऱ्याने दुसरं सिमकार्ड घेतलं की लोकांच्या मनात भलतंच येतं. आमच्या हिच्याही आलं. पण माझं कारण अगदी घरगुती होतं: मला माझ्या मुलाला बनवायचं होतं.

मुलगा फिजिओथेरपिस्ट. लोकांच्या आखडलेल्या कमरा सरळ करतो आणि स्वतः शैक्षणिक कर्जाखाली वाकून चालतो. परवा पगार वाढला, महिन्याकाठी चार पैसे उरायला लागले आणि चिरंजीवांना शेअरचे डोहाळे लागले. दवाखान्यातल्या एक्स-रेवाल्याने टीप दिली होती. (त्याला माणसाच्या आतलं दिसतं, मग कंपनीच्या आतलंही दिसत असणार!)

"अरे, आधी कर्ज हलकं कर," मी म्हणालो.

"बाबा, तुम्ही आयुष्यभर गाड्यांची सीटकव्हरं शिवलीत. हा तुमचा प्रांत नाही."

नाही तर नाही. आठवीत मी शाळा सोडली की शाळेने मला, यावर अजून एकमत नाही. पण सूनबाई चांगली ऑडिटर, तीही हेच सांगत होती. घरच्यांचा सल्ला फुकट मिळतो, म्हणून तो कुणी घेत नाही. त्याला 'सर' हवे होते. म्हटलं, देऊ सर.

"माझं जुनं गिऱ्हाईक आहे," नवा नंबर देत मी म्हणालो. "फार मोठा सल्लागार. फी घेत नाही, पण उलट बोललेलं खपवून घेत नाही."

त्याच संध्याकाळी मी बाथरूममध्ये, पालथ्या बादलीवर, नाकाला कपड्यांचा चिमटा लावून बसलो. फोन वाजला.

"सर, उरलेले पैसे शेअरमध्ये घालू का?"

"कर्जाचं व्याज किती?"

"दहा टक्के, सर."

"दहा टक्के हमखास देणारा शेअर सापडला तर मला कळवा, मी त्याच्या घरी राहायला जातो. आधी तीन महिन्यांचा खर्च बाजूला काढा. मग उरेल ते कर्जात. अगदीच हात शिवशिवत असतील तर महिन्याला चिमूटभर म्युच्युअल फंडात, सवय म्हणून. आणि तो एक्स-रेवाला... तो स्वतः अजून भाड्याच्या स्कूटरवर येतो ना?"

"सर! तुम्हाला कसं कळलं?"

"अनुभव," मी नाकातून म्हणालो.

काय सांगू, जे पोरगं मी सांगून छत्री नेत नाही, ते सरांच्या शब्दावर चालायला लागलं! दर महिन्याला कर्जात जादा भरणा. मी खूश. इतका खूश की सीटकव्हरचं दुकान विकून आलेल्या पैशांतून स्वतःला बक्षीस द्यायचं ठरवलं. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये एक जुनी मोटारसायकल उभी होती, साइडकारवाली. आमच्या हिला शेजारच्या डब्यात बसवून शहरभर मिरवायचं, हे माझं तरुणपणापासूनचं स्वप्न, आणि ते मी घरात जाहीरही करून टाकलं.

एवढ्यात सरांना सूनबाईचा फोन आला.

"सर, ओळखीतले एक वयस्कर गृहस्थ आहेत. हातात पैसा आलाय आणि काहीतरी खूळ घेऊन बसलेत. काय करावं?"

मी रंगात आलो होतो. "ताई, म्हाताऱ्याच्या हातात पैसा ठेवूच नका! म्हातारा म्हणजे मिशा असलेलं पोर. पाच वर्षांच्या ठेवीत कुलूपबंद करा. रडला तर रडू द्या!"

फोन ठेवला, चिमटा काढला, आणि मग डोक्यात उजेड पडला.

जेवताना मुलाने बँकेतल्या ठेवीचे कागद पुढे सरकवले. "सही करा, बाबा. सरांनी सांगितलंय."

"सर कोण लागून गेला? थांब, मीच बोलतो त्याच्याशी!" मी बाथरूमात गेलो, स्वतःशी कडाक्याचं भांडलो, जिंकलो आणि बाहेर आलो. "सरांचं मत बदललं. ते म्हणतात, मोटारसायकल ही उत्तम गुंतवणूक आहे."

मुलाने घास खाली ठेवला. "तासाभरात मत बदलतात? मग असल्या माणसाचं मी तरी का ऐकू? उद्यापासून कर्जातला जादा भरणा बंद. एक्स-रेवाल्याला फोन लावतो."

त्याने खरंच फोन उचलला. सूनबाई ताटाकडे बघत हसू दाबत होती. मी पेन ओढलं आणि दिसेल त्या कागदावर सह्या केल्या. (एक सही पेपर नॅपकिनवरही झाली.)

सगळे उठल्यावर ही माझ्याजवळ आली. म्हटलं, आता दोन गोड शब्द बोलेल.

"पुढच्या वेळी सर होऊन बोलाल तेव्हा बाथरूमची खिडकी लावून घेत जा," ती म्हणाली. "वरच्या मजल्यावरची नर्स रोज कान देऊन ऐकायची. तुम्ही सांगितलंत तसं करून पोरीने स्वतःचं सगळं कर्ज फेडलं. त्या खुशीत आज सकाळी एक मोटारसायकल घेतलीय, कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून. उद्या मला साइडकारमधून फिरवून आणणार आहे. तुम्ही आपले जेवण गरम करून घ्या."