हकलबेरी फ्लॅटवरचा पुरावा

"माझ्यासारखी धावपट्टी राखणारा माणूस अख्ख्या आयडाहोत दाखवा, मी विमान विकून मासे धरत बसेन!" डेल्बर्ट स्टॅनफिलनं शनिवारी सकाळी छाती ठोकून सांगितलं.

आणि ते काही खोटं नव्हतं. हकलबेरी फ्लॅट म्हणजे डोंगरांच्या ओंजळीत, नदीकाठी पसरलेली गवताची एक पट्टी. जवळची सडक दोन दिवसांच्या पायपिटीवर. यायचं तर छोट्या विमानानंच. दर उन्हाळ्यात एका रविवारी आसपासची विमानवाली मंडळी तिथं उतरत, आणि पास्टर लेम्युएल विमानाच्या पंखाच्या सावलीत उभे राहून गात गात प्रवचन करत. काय तो गळा! ओळ सोडली की डोंगर ती झेलून परत देत, आणि ऐकणाऱ्याचे डोळे आपोआप मिटत. डेल्बर्टचं सगळं वर्ष त्या एका सकाळसाठी.

यंदा मात्र वनखात्यानं बजावलं होतं, तुमच्या पट्टीवर कचरा फार झाला. रविवारी आमच्या अधिकारी टॅगर्टबाई पाहायला येतील. घाण दिसली तर पट्टी कायमची बंद!

"घाण करणार कोण आणि शिक्षा कुणाला?" डेल्बर्ट फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडत होता. "उतरताना करकचून ब्रेक दाबतात, गवताची सालपटं काढतात! तंबू उपटतात आणि खुंट्या सोडून जातात, जणू त्या पुढच्या वर्षी उगवणार आहेत! ऐन पट्टीवर शेकोटी करतात आणि दगड तिथंच! अरे, त्यावर चाक आपटलं तर विमान उलटेल, माणूस जाईल! यांच्या आयांनी यांना काही शिकवलं की नाही?"

दिवसभर वाकून वाकून त्यानं पट्टी वेचली. खुंट्या निघाल्या, चेपलेले बिअरचे डबे निघाले, कागदी थाळ्या, नायलॉनच्या दोऱ्या, आणि झुडपात कुणाची तरी खालची कवळी!

"आता पोत्यांत भर आणि विमानात टाक," त्याची बायको आर्डिथ म्हणाली. "सुटलो."

"पोत्यांत भरलं तर त्या बाईंना दिसणार काय? लोक कसे वागतात ते कळू दे की! हा पुरावा आहे, पुरावा!"

"तुझ्या पुराव्याला वास येतोय, डेल्बर्ट."

पण ऐकेल तो डेल्बर्ट कसला! त्यानं पट्टीच्या कडेला सगळा माल वाण्याच्या दुकानासारखा मांडला. इकडे खुंट्या, तिकडे डबे, मधोमध मानानं कवळी. वरून निळी ताडपत्री, कडांना दगड.

रविवार उजाडला. मंडळी उतरली. हकलबेरीची रानफळं घातलेले गरम पॅनकेक पोटात गेले. पास्टरांनी गळा मोकळा केला, पहिली ओळ उचलली, आणि दरीतून धडधड ऐकू आली.

"हे विमान नव्हे," आर्डिथ म्हणाली.

नव्हतंच! बाई हेलिकॉप्टरनं येत होत्या.

"आल्या!" डेल्बर्ट धावला. बाईंना वरूनच सगळं दिसावं म्हणून तो ताडपत्रीवरचे दगड भराभर काढू लागला.

"अरे, ती सोडू नकोस!" आर्डिथ किंचाळली. "वारा बघ त्याचा!"

"आता बघच तू!" डेल्बर्ट म्हणाला, आणि एखाद्या पुतळ्याचं अनावरण करावं तशी त्यानं ताडपत्री ओढली.

पुढे जे झालं ते सांगायला दहा तोंडं हवीत! थाळ्या बदकांच्या थव्यासारख्या उठल्या. डबे पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गडगडत गेले. हलक्या खुंट्या गवतात गडप झाल्या. कवळी पास्टरांच्या उरलेल्या पॅनकेकवर जाऊन बसली, आणि अशी बसली, की घास घेतेयसं वाटावं! हेलिकॉप्टर जमिनीला टेकतंय न टेकतंय तोच ताडपत्री तरंगत मागे गेली आणि शेपटीच्या पंख्याला गच्च मिठी मारून बसली. खाडकन आवाज. मग शांतता.

टॅगर्टबाई खाली उतरल्या. टोपीवर एक कागदी थाळी चिकटलेली.

"हे काय आहे?"

"तुमच्या या भिंगरीनं केलं, मॅडम!" डेल्बर्ट लालबुंद झाला होता. "आत्तापर्यंत पट्टीवर एक काडी नव्हती!"

"मग हे आलं कुठून?"

"मी गोळा केलं होतं!"

"कशासाठी?"

"तुम्हाला दाखवायला!"

"दिसलं," बाई म्हणाल्या. "पट्टी आजपासून बंद."

डेल्बर्टचा चेहरा असा पडला, की पास्टरांना गलबलून आलं. तेवढ्यात आर्डिथ सहज म्हणाली, "बरं. मग बाई, तुम्ही घरी कशा जाणार?"

बाईंनी हेलिकॉप्टरवाल्याकडे पाहिलं. "नवा पंखा आल्याशिवाय हे हलत नाही," तो म्हणाला.

"आणि पंखा कसा येणार?" आर्डिथनं विचारलं.

"विमानानं, बाई. खात्याकडे हेलिकॉप्टर हे एकच."

बाईंनी टोपीवरची थाळी काढली.

"सगळे एका ओळीत उभे राहा," त्या म्हणाल्या. "मी निघेन तेव्हा एक बूचसुद्धा दिसलं नाही, तर पट्टी उघडी राहील."

मग काय विचारता! या कडेपासून त्या कडेपर्यंत माणसांची रांग लागली. पास्टर गात होते, ओळ संपली की सगळे वाकत, उचलत, पुढे सरकत. असं प्रवचन त्या दरीनं कधी ऐकलं नव्हतं! अर्ध्या पट्टीवर आले तेव्हा टॅगर्टबाईसुद्धा सूर धरून वेचत होत्या. सगळा कचरा पोत्यांत गेला, पोती विमानांत गेली. बाईंनी पट्टी पुन्हा चालून पाहिली आणि मान हलवली. पट्टी वाचली!

"मॅडम, माझ्या विमानातून चला!" डेल्बर्ट ऐटीत म्हणाला.

विमान एका बाजूला कललेलं होतं. वाऱ्यानं उडालेली एक लांबशी खुंटी टायरमध्ये रुतून बसली होती.

"वा! हिला तू काल फार छान मांडून ठेवलं होतंस," आर्डिथ म्हणाली. "मी नवा टायर घेऊन उद्या येते. पुराव्याकडे लक्ष ठेव."

बाई आणि आर्डिथ पास्टरांच्या विमानातून गेल्या. एकेक करून सगळे गेले. उरले दोघंच, डेल्बर्ट आणि हेलिकॉप्टरवाला. तो आपल्या मोडक्या यंत्राला टेकून सूर्यफुलाच्या बिया फोडत होता. थू! एक सालपट गवतावर पडलं.

डेल्बर्टच्या मस्तकात तिडीक गेली. "अहो!" तो गरजला. "ही काय थुंकायची जागा आहे? तुम्हा लोकांना काही..."

हेलिकॉप्टरवाल्यानं मान वळवून शेपटीतल्या निळ्या ताडपत्रीकडे पाहिलं. मग डेल्बर्टकडे पाहिलं. मग आणखी एक बी तोंडात टाकली.

डेल्बर्टनं तोंड मिटलं आणि सालपट उचलायला तो वाकला.