आभाचं केळवण

शामसुंदर गायधनींचा हिशेब तसा चोख होता. तीसेक वर्षांत त्यांनी आणि सरोजिनीबाईंनी पंचवटीतल्या आपल्या गल्लीत आणि दोन्हीकडच्या नात्यात लग्न ठरलेलं एकही मूल जेवू घातल्याशिवाय सोडलं नव्हतं. प्रत्येकाला केळवण, पाटाभोवती रांगोळी, आग्रह आणि निघताना हातात पाकीट. हे सगळं एक ना एक दिवस परत येणार, ते आपल्या आभाच्या लग्नाच्या वेळी, आणि तेव्हा आपण नुसतं घरोघर जाऊन पाटावर बसायचं, हे ते धरूनच चालले होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर माणसाकडे येणं म्हणून दुसरं उरतं तरी काय?

पण आभाने सायकल धरली. आधी मखमलाबादपर्यंत, मग पेठ रोडने सावळ घाटापर्यंत, मग राज्यस्पर्धा, राष्ट्रीय स्पर्धा. आणि वडिलांनी पहिलं स्थळ काढलं त्या दिवशी तिने सांगून टाकलं, "बाबा, पाच वर्षं हा विषय नको."

पाच वर्षं! तोवर देणेकरी माणसं विसरून जातात, किंवा त्यांचे दात पडतात.

अशात दिवाळीनंतर स्पेनमधून पत्र आलं. तिकडच्या एका लहानशा व्यावसायिक संघाने आभाला नव्या हंगामासाठी घेतलं होतं. हंगाम फेब्रुवारीत सुरू होणार, त्याआधी जानेवारीत सरावाचं शिबिर, आणि पहिल्या शर्यतींना कोण उतरणार ते तिथेच ठरणार. संघाच्या कोचबाईंनी व्हिडिओ कॉलवर दोन गोष्टी बजावल्या. शिबिराला येताना वजन आज आहे तेवढंच हवं, चढावर प्रत्येक किलो बोलतो. आणि आहाराचा तक्ता मोडायचा नाही. फक्त निघण्याच्या आदल्या दिवशी सूट. त्या दिवशी आईच्या हातचं हवं ते खा.

आभाने पहिली गोष्ट ऐकली. सरोजिनीबाईंनी दुसरी.

सरोजिनीबाईंचंही सांगायला हवं. वर्षभर त्यांनी लेकीसाठी भात छोट्या काट्यावर तोलून शिजवला होता. काट्यावर ठेवल्याशिवाय पोळी ताटात पडत नव्हती. फोडणीला चमचाभर तेल, त्यातही हात आखडता. सणावाराला आपल्या हातचं काही तिला घालता येत नाही म्हणून त्यांनी घरात गोड करणंच सोडलं होतं. आता एक दिवस मिळाला होता. घरचं केळवण असंही शेवटीच असतं. त्यांनी मनात बेत ठरवला: सांज्याच्या पोळ्या. आभा लहानपणी त्यासाठी शाळेतून पळत यायची. रवा त्याच दिवशी आणून ठेवला, तूप कढवून बरणीत वेगळं काढलं.

बरणीचं झाकण लागतंय तोवर शामसुंदर बाहेर जाऊन काम करून आले होते.

"तुम्ही कुणाला काही बोललात?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"कुणाला नाही. फक्त संजनाला."

संजना म्हणजे सरोजिनीबाईंची धाकटी बहीण. तिला सांगणं आणि रामकुंडावर भोंगा लावणं यात भोंगा जरा कमी पडतो.

"काय सांगितलंत?"

"हेच की लग्न नाही तर नाही, पण पोरगी घर सोडून परदेशी निघालीय. केळवण व्हायला काय हरकत आहे?"

"अहो, तिचा तक्ता आहे!"

"एखाददुसरं घर. तेवढ्याने काय होतंय?"

एखाददुसरं घर राहिलं नाही, याचं कारण पौष. दुसऱ्याच दिवशी संजना हजर. "ताई, सगळं पौष लागायच्या आत उरकायला हवं हं. पौषात केळवण करत नाहीत."

"अगं, लग्न आहे का, पौष बघायला?"

"नाव केळवणाचं घेतलं की नियम पण केळवणाचे आले. मी सगळ्यांना कळवलंय."

म्हणजे एरवी दोन महिन्यांत सावकाश झालं असतं ते दोन आठवड्यांत कोंबलं गेलं. आभाने आधी ठाम नकार दिला. मग संजनाने "तुझी मावशी मेली असं समज" एवढं एकच वाक्य टाकलं आणि आभा पाटावर बसली. तिथे पुरणपोळी होती. आभाने एक खाल्ली, दुसरीचे दोन घास घेतले. मावशीने दोन्ही वाढल्याबरोबर काढलेला फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. फोटोत ताटात दोन पोळ्या दिसत होत्या.

"संजनाकडे दोन, आणि आमच्याकडे एक?" पुढच्या घरी, गल्लीतल्याच चुलत काकू, दीपमालाकाकूंनी फोन समोर धरला. "आमचं पुरण काय कडू आहे?"

त्याच्या पुढच्या घरी तीन पोळ्यांचा फोटो निघाला. रोज सकाळी आभा घाटात जाऊन आदल्या दिवशीचं पुरण जाळायची आणि परत येईतो नवं पुरण शिजलेलं असायचं. जास्त सायकल मारल्याने भूक जास्त लागायची, ती वेगळीच भानगड.

खालच्या मजल्यावर चतुराबाई राहायच्या, मूळच्या नामपूरच्या, बोलणं अजून अहिराणी. त्यांना सायकलचं सगळं समजून घ्यायचं होतं. "तू तठे पहिला नंबर काढशील ना, माय?"

"नाही हो, मावशी. आमच्यात एक मुख्य रायडर असते. ती जिंकावी म्हणून बाकीच्यांनी राबायचं. वारा आपण अंगावर घ्यायचा, मागे गाडीपर्यंत जाऊन तिच्यासाठी पाण्याच्या बाटल्या आणायच्या. शेवटी ती पुढे निघते. आपण पोचतो तेव्हा फोटो काढून झालेले असतात."

चतुराबाईंनी सरोजिनीबाईंकडे पाहिलं. "पाणी भराले इतली लांब? हाई काम तर आठे घर-घर चालस." आणि आभाच्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "पोर पार वाळी गयी व माय! पोटमा काहीच नही शे." त्या दिवशी खापरावरचे मांडे झाले. मांड्याला नाही म्हणता येत नाही; एक मांडा पुरा उलगडला तर ताट दिसत नाही.

शेवटी सरोजिनीबाईंनी डोकं चालवलं. ग्रुपवर निरोप टाकला: आभाने निघेपर्यंत उपवास धरले आहेत, तरी सर्वांनी समजून घ्यावं.

सर्वांनी अगदी मनापासून समजून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भगर आली, दाण्याची आमटी आली, साबुदाण्याचे वडे आले, रताळ्याचा कीस तर दोन घरांतून आला. धर्मसंकट असं की केळवणाला पोट भरलंय म्हणता येतं, पण उपवासाच्या पोरीचं पोट भरलंय हे कुणाला पटवणार? "उपाशी आहेस ना गं?" असं म्हणत दीपमालाकाकूंनी स्वतःच्या हाताने भरवलं.

"आई, ही आयडिया तुझी होती?" आभाने दाण्याच्या आमटीकडे बघत विचारलं.

"मला वाटलं, उपवास म्हटलं की सोडतील."

"आपल्याकडे उपवास म्हटल्यावर कुणी कुणाला सोडलंय कधी?"

शामसुंदर तेवढ्यात मदतीला धावले. "तिच्या वाटचं मी खातो." आणि त्यांनी खाल्लं. इतकं निष्ठेने खाल्लं की बाप मुलीसाठी काय काय करतो याचं गल्लीत कौतुक झालं. पण पहिला घास मुलीनेच घ्यायचा, दुसरा आग्रहाचा, तिसरा देवाचा. बापाच्या वाट्याला त्यानंतरचं यायचं.

राहता राहिले गोटीराम. मखमलाबाद रस्त्याला त्यांचा झेंडूचा मळा. आभा रोज तिथून जायची. ग्रुपवर नसल्याने उपवासाचं त्यांच्या कानावर नव्हतं; त्यांनी शेतावरच जेवण ठेवलं. त्यांच्या बायकोने, रंगूबाईंनी, आभाला कुंकू लावलं, नारळाने ओटी भरली आणि डोळे पुसले. "लय लांब चालली पोर. तिकडं आपलं मानूस नाय."

आभा म्हणाली, "काका, खरंच आता जागा नाही हो पोटात."

गोटीरामांनी बांधावर झोपलेल्या कुत्र्याकडे बोट केलं. "ताई, ह्ये आमचं वाघ्या दोन वर्सं रोज तुमच्या मागं पळलंय. तुमचं ईस्पीड कुनी वाढवलं? त्या स्पॅनिश बाईनं का वाघ्यानं? आमच्या नावानं नका खाऊ. त्याच्या नावानं एक घास घ्या."

आभाने वाघ्याच्या नावाने भाकरी खाल्ली, वर लोण्याचा गोळा.

रविवारी कॉल होता. नेहमीप्रमाणे कोचबाईंनी वजनाचा काटा कॅमेऱ्यासमोर ठेवायला लावला. आभा काट्यावर चढली. कोचबाईंनी आकडा दोनदा वाचला.

"काय चाललंय तिकडे?" कोचबाईंनी इंग्रजीत विचारलं.

आभाने खरं ते सांगितलं. कोचबाईंना काही केल्या कळेना.

"तुझं लग्न आहे?"

"नाही."

"मग हे लोक तुला का भरवताहेत?"

"मी जातेय म्हणून."

"तू जात नाहीस तोवर हे थांबणार नाही?"

आभाने दाराकडे पाहिलं. दारात दीपमालाकाकू डबा घेऊन उभ्या होत्या. "नाही," ती म्हणाली.

"मग निघ. संघाचं घर रिकामंच आहे. मी तिकीट अलीकडचं करते."

"आणि माझा तो एक सुटीचा दिवस? आईच्या हातचा?"

कोचबाई हसल्या, पण हसणंही काट्यावर तोललेलं होतं. "तो तू केव्हाच वापरलास. पुढचेसुद्धा काही वापरलेस. आता शर्यतीला उतरायचं की घरी बसायचं, ते तू ठरव."

सरोजिनीबाई स्वयंपाकघरात त्या दिवसासाठी रवा आधीच भाजून ठेवत होत्या. त्यांना इंग्रजी बोलता येत नसलं तरी सगळं समजायचं. त्यांनी गॅस बंद केला.

तिकीट मंगळवारचं मिळालं. पहाटे मुंबईची गाडी दारात आली. सरोजिनीबाईंनी सोमवारी काही विचारलं नाही, रवा तसाच डब्यात भरून ठेवला. निघताना आभाच आईजवळ आली.

"आई, तू म्हणालीस तर मी एक पोळी खाईन."

"नको," सरोजिनीबाई म्हणाल्या. "एवढं सगळ्यांचं ऐकलंस, आता त्या बाईंचं ऐक." आणि तिच्या हातात उकडलेल्या मुगाचा डबा दिला. तोलून.

गाडी वळली तेव्हा शामसुंदर म्हणाले, "तुझं राहिलंच गं."

"तुमचं मिळालं ना सगळं परत?" सरोजिनीबाईंनी एवढंच विचारलं. शामसुंदरांनी पट्ट्याकडे पाहिलं. तो शेवटच्या भोकावर होता.

जानेवारीच्या शेवटी फोन आला. वजन उतरलं होतं, चाचणी चांगली झाली होती, पहिल्याच शर्यतीच्या संघात आभाचं नाव होतं. शामसुंदर आनंदाने गल्लीत ओरडायला निघाले, तेवढ्यात सरोजिनीबाईंनी विचारलं, "जेवतेस ना नीट?"

"अगं, आता शिबिर सुरू झाल्यावर उलटंच आहे! चार-चार तास सायकलवर असते, तेव्हा सक्तीने खायला लावतात. भाताच्या गोड वड्या देतात खिशात."

"कोण करतं त्या?"

"कोचची आई. रोज सकाळी येते बिचारी. मी पुरेसं खात नाही म्हणून मला रागावते."

"चांगलं आहे," सरोजिनीबाई म्हणाल्या, आणि फोन नवऱ्याकडे दिला.

केळवणाचं खातं मिटलं असं शामसुंदरांना वाटत होतं. मिटलं नव्हतं. पौष संपताच संजना आली. तिचा तनय नोकरीसाठी बंगळुरूला निघाला होता. "आभाचं केलं ना आपण लग्न नसताना? मग तनयचं पण करायला हवं. तू कधी बोलावतेस, ताई?" दीपमालाकाकूंचा ओम पुण्याला वसतिगृहात जाणार होता. गोटीरामांची सृष्टी नर्सिंगला. गल्लीतून यापुढे कुणीही, कुठेही, कशासाठीही निघालं की केळवण. ही प्रथा शामसुंदरांनी सुरू केली होती, त्यामुळे त्यांच्या घरून चुकवता येणार नव्हती.

तर शेवटची बेरीज अशी. शामसुंदरांनी वसूल केलं ते त्यांच्याच पोटावर उरलं. संजनाला फोटो मिळाले, वाघ्याला त्याचा मान मिळाला, आभाला तिची जागा. स्पेनमधल्या कुठल्याशा आजींना रागवायला पोर मिळाली. आणि या सगळ्याचं देणं ज्या बाईने कुणाकडून काही घेतलंच नव्हतं, तिच्या नावावर निघालं.

तनयच्या केळवणाला सरोजिनीबाईंनी तोच रवा काढला, तीच बरणी. सांज्याच्या पोळ्या सुरेख झाल्या होत्या. तनयने हावरटासारख्या खाल्ल्या आणि ताट पुढे केलं, "मावशी, अजून एक."

सरोजिनीबाईंनी तव्यावरची पोळी उचलली आणि ताटात वाढण्याआधी काट्यावर ठेवली.