शिंपल्याचा कौल

पुन्हा लग्न करायचे नाही हे बहिणीला न भांडता कसे सांगायचे, ते आपल्याला जमले आहे, असे भिकाजीने न्हाव्याच्या खुर्चीत बसून जाहीर केले. अर्ध्या दाढीवर साबण तसाच असताना केले.

बायकोला, प्रभावतीला, जाऊन वर्ष होत आले होते. घर फार गप्प झाले म्हणून मुलाने, गौरेशने, खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आणून बसवली. तिच्यात प्रवाळ, चार मासे आणि थोरल्या जातीचा एक शिंपला. आज बशीएवढा होता, पुढे परातीएवढा होईल म्हणे. ओठ निळे, मखमली. मत्स्यशेतीत वाढवलेला, रीतसर कागदांसह आलेला. गोव्यातल्या मये गावात भिकाजीच्या घराखालच्या जमिनीचे कागद तीन पिढ्यांत झाले नव्हते. शिंपल्याचे मात्र होते.

टाकीवर कडक दिवा टांगलेला असे. उजेड असला की शिंपला उघडा. कुणी वर वाकले, सावली पडली, की झटकन बंद. भिकाजीने हे पहिल्याच आठवड्यात ओळखले आणि नार्व्याला दिलेली बहीण मालतीताय स्थळ घेऊन आली तेव्हा कामाला लावले. या शिंपल्यात सत्त्व आहे, त्याला कौल लावू, असे तो तिला म्हणाला. उघडा राहिला तर होकार, मिटला तर नकार. देवळात पाकळ्यांचा कौल घेतल्याशिवाय तायने कधी म्हैससुद्धा विकली नव्हती. तिने लगेच हात जोडले. भिकाजी जरासा वाकला. स्थळ गेले. पुढच्या महिन्यात दुसरेही गेले.

पण ताय काही पोटात ठेवणारी बाई नव्हती. आठवड्याभरात दारात चपलांचा ढीग पडू लागला. कुणाला बंद पडलेली खाण सुरू होईल का ते विचारायचे होते, कुणाला पंचायतीला उभे राहावे का ते. प्रभावती अंथरुणावर असताना ज्यांना या घराची वाट सापडली नव्हती, ते आता दिवसातून दोनदा येत. गर्दीची सावली टाकीवरच, त्यामुळे सगळ्यांना नकार. एक साखरपुडा मोडला. पंचायतीचा उमेदवार मागे फिरला. त्यात गावाचे भलेच झाले. एका बाईने नैवेद्य म्हणून गूळखोबरे पाण्यात सोडले आणि दोन मासे त्याच दिवशी मेले. भिकाजी रोज लोकांनी पाण्यात वाहिलेली फुले जाळीने काढत बसे आणि न्हाव्याकडे जायचे टाळी.

अशात ताय तिसरे स्थळ घेऊन आली. या वेळी बाईलाच आणले, सोबत तिचा भाऊ नारायण. सरस्वती विधवा, डिचोलीच्या बाजारात तिसऱ्या आणि खुबे ही खायची शिंपली विकायची. तायने टाकीसमोर बजावून सांगितले की हा शेवटचा कौल. नकार आला तर पुन्हा विषय काढणार नाही. होकार आला तर पावसाआधी लग्न. भिकाजीला एवढेच हवे होते. तायने देवापुढे घालतात तसे गाऱ्हाणे घातले, आणि तो वाकला. शिंपला मिटला.

सरस्वतीचा जन्म शिंपल्यांत गेलेला. ती शेजारी येऊन हळूच म्हणाली, "भाऊ, मागे सरा. तुमची सावळी पडता, म्हणून तो मिटता."

नवरी म्हणून दाखवायला आणलेली बाई आपल्याला भाऊ म्हणते, याचे भिकाजीला इतके बरे वाटले की त्याने सगळे कबूल करून टाकले. प्रभावतीची भांडी अजून जिथल्या तिथे आहेत. ती हलवायला त्याचा हात धजत नाही. बाईंनी राग मानू नये.

"माका तरी खंय व्हया लगीन?" सरस्वती कुजबुजली. "भावाच्या घरात माझी अडचण जाली, इतकाच."

एवढे बोलून तीही टाकीवर वाकली. आता दोन सावल्या पडल्या. शिंपला असा घट्ट मिटला की सुरीचे पाते शिरले नसते.

दोघे तसेच खूप वेळ वाकून राहिले. मध्ये भांड्यांचे काहीतरी बोलणे झाले, मग बाजाराचे. सरस्वती एकदा हसली. भिकाजीही हसला असावा.

ताय शिंपल्याकडे बघतच नव्हती. ती नारायणाला म्हणाली, "वर्षभर हो माणूस कोणाकडे दोन शब्द बोलूक नाय. आता शिंपल्याक कित्याक इचारता?"

दोघे दचकून एकदम बाजूला झाले. टाकीत लख्ख उजेड पडला. आणि त्या शिंपल्याने, आजवर कुणासाठी उघडले नव्हते एवढे, तोंड उघडले.

नारायणाने पिशवीतून नारळ आणि पेढे बाहेर काढले. ते तो येतानाच घेऊन आला होता.