साळूकाकूंचे पाच गुरुवार

बाळांनो, एका जंगलात अणुभट्टी होती. तिच्या विजेवर सगळ्या बिळांत दिवे लागत. पण कुणी आत शिरून नको ते फिरवले असते, तर जंगलात गवताची काडीही उरली नसती. म्हणून भट्टीभोवती तीन कुंपणे होती. ती हत्तीने आखली आणि हत्तीकडूनच तपासून घेतली. हत्तीला काही आत जाता आले नाही. सगळे निश्चिंत झाले.

आता झाले असे, की भट्टीशेजारचा औदुंबरही कुंपणात गेला. आणि जंगल सुखरूप राहावे म्हणून साळिंदरांच्या साळूकाकू त्याच औदुंबराला सोळा गुरुवार प्रदक्षिणा बोलल्या होत्या. अकरा झाले, पाच उरले. व्रत अर्धवट कसे टाकायचे?

गुरुवारी काकू शिऱ्याचा डबा घेऊन पहिल्या दाराशी गेल्या. पहारेकरी गवा म्हणाला, "काकू, पास?"

"पास नाही रे, प्रसाद आहे. हात पुढे कर. डावा नको, उजवा."

उजव्या हातात भाला होता. "जरा धरता का?" म्हणत त्याने तो काकूंकडे दिला, प्रसाद घेतला आणि भक्तिभावाने डोळे मिटले. काकू आत.

दुसऱ्या दारावरच्या तरसाने भाला पाहून सलाम ठोकला. वहीत लिहिले, 'पहारेकरी एक, आत.'

तिसऱ्या दाराशी भोंगा वाजला. तो खारींमुळे रोजच वाजे. तिथल्या माकडाने सवयीने त्यावर गोधडी टाकली.

काकूंनी प्रदक्षिणा घातल्या, पण मन लागेना. भट्टीचे दार हातभर अंतरावर, आणि अडवायला चिटपाखरू नाही. त्या भाला घेऊन थेट सुरक्षाप्रमुख अस्वलाकडे गेल्या.

"भाऊ, मी शिरले तसं कुणीही शिरेल. लेकरंबाळं आहेत हो जंगलात."

अस्वलाने वही चाळली. "आत फक्त पहारेकरी गेलाय. घुसखोर कुणी शिरलाच नाही."

"मग मी कोण?"

"तुम्ही? तुम्हाला तर आम्ही पकडलंय."

"अहो, माझे चार गुरुवार राहिलेत."

"गुरुवार विसरा आता. घुसखोराला आम्ही जंगलातल्या सर्वांत सुरक्षित जागी डांबतो."

ती जागा अर्थातच तीन कुंपणांच्या आत होती. काकूंना औदुंबराखाली ठेवले. चारही गुरुवार यथासांग पार पडले. उद्यापनाला तिन्ही पहारेकरी दारे सोडून आत जेवायला आले. वाढता वाढता काकूंनी एक डोळा दारांवर ठेवला. तेवढा एक दिवस भट्टीवर खरा पहारा होता.

तात्पर्य: पहाऱ्यातली चूक आपणहून जाऊन दाखवावी. चूक तशीच राहते, पण व्रत पूर्ण होते.