थोरलीचं वाक्य

हिवरटोल्याच्या वाढईंच्या थोरल्या सुनेला अख्ख्या कादंबरीत एकच वाक्य होतं, आणि तेही तिच्या प्रेताबद्दल होतं. ‘दुसऱ्या दिवशी वाढईंच्या थोरल्या सुनेचं प्रेत नाल्यात सापडलं आणि गावात एकच घबराट पसरली.’ नीट पाहिलं तर त्यातलंही अर्धं वाक्य गावानं खाल्लं होतं.

हिवरटोला जंगलाला लागून होता आणि जंगलात जखीण होती. कादंबरीच भुताखेताची, त्यामुळे त्याला इलाज नव्हता. कादंबरी तालुक्याच्या वाचनालयात होती. कुणी ती घरी नेऊन उघडली की गावात उजेड पडे, वरून वाचणाऱ्याचा श्वास ऐकू येई आणि जो तो आपापल्या जागी जाऊन छापल्याप्रमाणे वागू लागे. पुस्तक मिटलं की लोक भाकरी भाजायला आणि जनावरं बांधायला मोकळे होत. याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. नांदायचं म्हटल्यावर कुठंतरी नांदावंच लागतं.

गावात माणसाची पत ठरे ती अडकलेल्या श्वासावर. ज्याच्या प्रसंगाला वाचणाऱ्याचा श्वास अडके, त्याला चावडीवर बसायला घोंगडी मिळे. विहिरीचा रहाट आपोआप फिरायचा, म्हणून रहाटालासुद्धा मान होता. बायका त्याला हळदकुंकू लावत. थोरलीच्या वाक्याला कधी कुणाचा श्वास अडकला नव्हता. लोक ते वाक्य उंबऱ्यासारखं ओलांडून पुढं जात.

आणि तिची धाकटी जाऊ सुगंधा? तिची गोष्टच निराळी. पहिल्या प्रकरणात तिन्हीसांजेला ती दारात दिवा घेऊन उभी राही, आणि जंगलातून जखीण हाक मारी, “सुगंधाऽऽ!” गावचा रिवाज पहिल्याच पानावर छापलेला होता: पहिल्या हाकेला ओ देऊ नये, तिसऱ्या हाकेला द्यावा, कारण माणूस तीनदा हाक मारतो आणि जखीण एकदाच. पण सुगंधा माहेरहून नवी आलेली, ती पहिल्याच हाकेला ओ देई. झालं. तिथून पुढं अख्खी कादंबरी तिची. ती केस सोडून घुमे, कच्ची अंडी खाई, आढ्याला उलटी लटके. भगत यायचा, नवरा मुरलीधर तिच्या पायाशी बसून तीन पानं रडायचा. वाचणाऱ्यांचे श्वास तर असे अडकत की वरून काही काळ वाराच यायचा नाही.

थोरलीच्या पोटात दुखायचं ते इथं. सुगंधाच तिला मारायची, पण त्याचा राग तिला नव्हता. मारण्याचा प्रसंग छापलेलाच नसल्यामुळे मारामारीची गरज पडत नसे. नाल्यात जाऊन पडलं की झालं. नवऱ्याचाही एवढा राग नव्हता, जरी त्यानं बायकोसाठी एक शब्द न काढता हरवलेल्या बैलासाठी दीड पान काढलं होतं. तिला लागायचं ते वेगळंच. जखीण सुगंधाला नावानं हाक मारायची. थोरलीला नावच नव्हतं. लिहिणाऱ्यानं दिलंच नव्हतं. ती सगळ्या गावाची थोरली.

एकदा पुस्तक मिटलेलं असताना ती पोलीस पाटील दादाजी ठेंगणे यांच्याकडे गेली. पाटील कादंबरीत पहिल्यापासून शेवटपर्यंत कंदील घेऊन फिरत, पण त्यांचं काहीही होत नसे. असा माणूस निःपक्षपाती असतो, म्हणून गावचे निवाडे त्यांच्याकडे.

“पाटील, तिले सारं पुस्तक आन् मले एक वाक्य. हा कोनता न्याय?”

“छापलं तसं वागा लागते, बाई,” पाटील म्हणाले. “मी एवढ्या रानावनात फिरून रायलो. मले धरलं का जखिनीनं? नाही धरलं. मी कधी बोललो?”

“तुमाले नाव तरी हाये.”

पाटलांनी हातातला कंदील खाली ठेवला. “नाव हाये,” ते म्हणाले. “पन हाक कोनी मारत नाही.”

थोरली तिथून उठली ती थेट जंगलात गेली. जखीण मोहाच्या झाडाखाली पाय पसरून बसली होती आणि उलट्या पावलांना तेल लावत होती. सुट्टीच्या वेळात ती तशी साधी बाई होती.

“बाई, तू हाक मारतेस तवा पाहातेस का, ओ कोन देते ते?”

“मी कशाले पाहू?” जखीण म्हणाली. “मी एकडाव नाव घेते. जे ओ देईन ते माही. तोंडं पाहाचं काम मले लावून देलं नाही.”

थोरली घरी आली आणि तिनं चुलीला पोतेरं केलं. पण तिच्या डोळ्यांत जे होतं ते कुणी पाहिलं असतं, तर त्या रात्री जेवलं नसतं.

पुढच्या खेपेला कादंबरी उघडली तेव्हा हिंगाचा वास आला. वाचणारी बाई असावी, आणि स्वयंपाक करता करता वाचत असावी. बाहेर भर दुपार होती, आत तिन्हीसांज झाली. सुगंधा दिवा घेऊन दारात उभी राहिली. थोरली चुलीमागे होती. पहिल्या प्रकरणात ती कुठं असते ते छापलेलं नाही, म्हणून ती कुठंही असू शकत होती. ती पुढं आली आणि सुगंधाच्या खांद्याशी उभी राहिली.

“सुगंधाऽऽ!” जंगलातून हाक आली.

“ओ!” थोरली म्हणाली.

सुगंधाचं तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं. ओ एकदाच छापलेला होता आणि तो देऊन झाला होता.

वरचा श्वास अडकला. थोरलीनं तो पहिल्यांदा अंगावर घेतला. तापल्या उन्हात माठातलं पाणी ओतून घ्यावं तसं तिला झालं. आजवर हे सारं सुगंधा एकटी भोगत होती, या विचारानं तिचा नव्यानं तिळपापड झाला, पण आता पुढची सगळी पानं तिची होती.

पाटील कंदील घेऊन धावत आले. “हे काय करून ठेवलं?”

“ओ मी देल्ला. आता मी सुगंधा.”

पाटलांनी नियम तपासला. ओ दिला म्हणजे दिला. “मंग नाल्यात कोन जाईन?” त्यांनी विचारलं. “दुसऱ्या दिवशी प्रेत सापडा लागते. वाक्य छापलेलं हाये.”

“मी जाते नं,” सुगंधा पटकन म्हणाली, आणि कुणी अडवायच्या आत दिवा खाली ठेवून, पदर खोचून नाल्याकडे निघाली. जाता जाता ती गुणगुणत होती, हे थोरलीला आवडलं नाही.

दुरून डोंगर साजरे म्हणतात, ते काही उगीच नाही. कच्च्या अंड्यांनी थोरलीला मळमळलं. आढ्याला उलटं लटकायचं तर कमरेत उसण भरली. भगतानं मिरच्यांची धुरी दिली आणि कडुनिंबाच्या फोकानं पाठ सोलून काढली; सुगंधानं याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. पण श्वास अडकत होते. थोरली दात ओठ खाऊन लटकली. एकदा तर वाचणारीनं पाय वर घेतल्याचा आवाज आला. आता तरी, थोरलीला वाटलं, आता तरी कुणी माझं नाव घेईल.

तेवढ्यात एक नसतं विघ्न आलं. भगत मंत्र म्हणत असतानाच वाचणारीनं भराभर पानं मागं उलटली. असं झालं की गावाची फार धांदल उडे. भगत उठून वेशीबाहेर पळाला, थोरली आढ्यावरून उतरून दाराशी धावली, सुगंधानं पुन्हा नाला गाठला, रहाट उलटा फिरला. वाचणारी पहिलं प्रकरण वरपासून खालपर्यंत चाळत होती. काय हरवलं होतं बाईचं देव जाणे. बऱ्याच वेळानं पानं पुन्हा पुढं आली. थोरलीनं तिला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या, कारण पुन्हा आढ्यावर चढायचं म्हणजे तिची कंबर बोलत होती.

मग मुरलीधर रडायला बसला. थोरली या तीन पानांसाठीच तर आली होती. तो छापल्याप्रमाणे तिच्या पायाशी बसला, छापल्याप्रमाणे त्यानं तिचा हात धरला आणि म्हणाला, “सुगंधा, सुगंधा गं, परत ये.” वरून वाचणारीनं नाक ओढलं आणि म्हणाली, “बिचारी सुगंधा!”

थोरली तीन पानं वाट पाहत राहिली. तीन पानांत दुसरं नाव आलं नाही. मार तिनं खाल्ला होता, धुरी तिनं घेतली होती, आणि सगळी हळहळ तिच्या अंगावरून घसरून सुगंधाच्या पदरात पडत होती. त्यात भर म्हणजे खिडकीतून तिला मोहाचं झाड दिसत होतं. कादंबरीत मेलेली माणसं पुस्तक संपेपर्यंत त्या झाडाखाली बसत. सुगंधा तिथं केसांना तेल लावून, पाय लांब करून बसली होती, आणि मेलेला गुराखी काहीतरी सांगत होता त्यावर खदखदून हसत होती. थोरलीला मेलेल्यांमध्ये कधी कुणी हसवलं नव्हतं. तिथंही ती सुगंधाकडे बघत बसायची.

शेवटच्या प्रकरणात जखीण अंगातून निघून जंगलात गेली आणि पुस्तक मिटलं. थोरली भिंतीला धरून धरून खाली बसली. सुगंधा धावत आली, तिनं हळद गरम केली आणि थोरलीच्या पाठीला लावायला घेतली. तिचे हात बरोबर जिथं फोक लागले होते तिथंच जात होते.

“बाई, लय दुखून रायलं का?”

“मले काही होत नाही.”

“माही तर पाठ पयल्यांदा टेकली बाई. नाल्यात किती थंडगार!” सुगंधानं बोटांवर आणखी हळद घेतली. “आन् एक गोष्ट झाली. सांगू का नको?”

“सांग.”

“ते वाचनारी बाई तुमच्या वाक्यापाशी थांबली.”

थोरलीनं मान वळवली.

“बोट ठेवलं तिनं. इथं, माह्या छातीवर. हिंगाचा वास येत होता बोटाले. मले म्हणे, हिचं नाव काय?”

“तुले म्हणे?”

“मले कशाची? तुमाले. मी तं तुमचं प्रेत होती नं.”

सुगंधा हळद लावत सांगत राहिली. तिला वाटत होतं, आपण चांगली बातमी देतोय.

“मंग म्होरं वाचत गेली. भगतापाशी तिले काय आठवलं कोनास ठाऊक, समदी पानं मांगं उलटली. तुमचं नाव धुंडत होती बाई. तवाच तं आपली एवढी धावपळ झाली. कुठं सापडलं नाही. मंग नाल्यापाशी आली आन् पुन्हा म्हणे, नाव काय होतं गं बाई हिचं? नाव पन देल्लं नाही मेल्यानं. तेवढ्यात तिच्या कुकराची शिट्टी झाली आन् पान उलटलं.”

आढ्यावर पुन्हा चढताना दिलेल्या शिव्या थोरलीला आठवल्या. इतक्या वर्षांत एकच बोट तिच्या वाक्यावर थांबलं, आणि त्या दिवशी ती दुसरीच्या नावानं ओ देऊन बसली होती. ते बोटसुद्धा सुगंधाच्याच छातीवर टेकलं. तिला रडू आलं. सुगंधाला वाटलं पाठ झोंबते आहे, म्हणून ती फुंकर घालू लागली.

“मंग तू काय सांगितलं तिले?” थोरलीनं विचारलं.

“मी कशी सांगू? मी मेलेली होती नं.”

“किती डाव विचारलं म्हणालीस?”

“दोन डाव.”

“नक्की दोन?”

“दोन बाई. तिसऱ्याच्या आत शिट्टी झाली.”

थोरली उठली. अंगावरची हळद तशीच घेऊन पाटलांच्या दारात गेली. पाटील कंदिलाची काच पुसत होते.

“पाटील, मेलेल्या मानसानं ओ द्यावा का नाही?”

“छापलं काय हाये?”

“पयल्या हाकेले ओ देऊ नये, तिसरीले द्यावा.”

“त्यात जित्यानंच द्यावा असं हाये का?”

“नाही.”

“मंग मेलेल्यानंही द्यावा,” पाटील म्हणाले आणि काच कंदिलावर बसवली. “पन जागा सोडू नये. तुह्या जागेवर दुसरीले विचारलं तं निवाडा मी देनार नाही.”

तेव्हापासून हिवरटोल्याचा क्रम असा आहे. पुस्तक उघडलं, की अजून वाचणाऱ्यानं चष्मासुद्धा घातलेला नसतो, तोच थोरली वेणी घालून, धुवट लुगडं नेसून नाल्यात जाऊन पडते. पहिलं प्रकरण अख्खं ती तिथंच असते. सुगंधा तिन्हीसांजेला दिवा घेते, पहिल्या हाकेला ओ देते, अंडी खाते, मार खाते. श्वास अडकल्याचं थोरलीला नाल्यातून ऐकू येतं. अजूनही तिच्या पोटात दुखतं, खोटं कशाला सांगा. पण ती जागा सोडत नाही. वाचणारे येतात आणि तिचं वाक्य ओलांडून जातात. हिंगाचा वास अजून परत आलेला नाही.

“बाई,” परवा दारात उभी राहायला जाता जाता सुगंधानं नाल्याच्या काठावरून विचारलं, “तिनं तिसऱ्यांदा विचारलंच, तं नाव काय सांगान?”

थोरलीनं नाव कधीचंच ठरवून ठेवलं होतं. छान होतं, हाक मारायला सोपं होतं. जंगलातूनसुद्धा चांगलं ऐकू आलं असतं.

सुगंधाला मात्र तिनं ते सांगितलं नाही. तिच्याकडे आधीच एक नाव होतं.