तोफ नापास

मोकाशीकाका कुठल्याही सरकारी इमारतीत शिरले, की आधी खिशातून टेप काढतात आणि दारातल्या पुतळ्याची तलवार मोजतात. तलवारीनंतर घोडा, घोड्यानंतर लोकांना बसायचा बाक. मग वहीत आकडे उतरवून लाल पेन्सिलीने शेरा मारतात, ‘नापास’. चौकीदार हाकलायला आला, तर जाता जाता त्याच्या स्टुलाचंही माप घेतात.

आमच्या अवधपुरी कॉलनीत ते माझे सख्खे शेजारी. उभा जन्म कारखान्यात इतरांची ड्रॉइंगं तपासण्यात गेला. काका रिटायर झाले, पेन्सिल झाली नाही. काकूंच्या पोळ्यांनाही व्यास कमी पडला म्हणून शेरा मिळालेला आहे.

“तलवार चार फूट आणि म्हातारीला टेकायला बाक दीड फूट,” ते तणतणतात. “लढणाऱ्याला चबुतरा. आणि लढाई मिटवणाऱ्याला? त्याच्या नावाची एक पायरी दाखव मला.”

तेव्हापासून माझंही डोकं फिरलं आहे. परवा पुतणीच्या जन्माचा दाखला आणायला गेलो, तर कचेरीच्या भिंतीवर हे एवढं रणांगण रंगवलेलं. जन्माच्या दाखल्याला मुडदे कशाला लागतात, हे कुणी मला समजावून सांगावं.

अशात आमच्या कॉलनीच्या सामुदायिक भवनाची रंगरंगोटी निघाली. दारात सिमेंटची तोफ आणि भिंतीवर लढाई, असं समितीने ठरवलं. सभेत काका उभे राहिले.

“यहाँ शादी होती है, तेरहवीं होती है, बच्चों को पोलियो की दवा पिलाते हैं. तोप किस पे तानोगे, बारात पे?”

आणि त्यांनी स्वतःचं ड्रॉइंग पसरलं. एका बाकावर दोन माणसं, एक दुसऱ्याच्या बशीत चहा ओततोय. खाली लिहिलेलं, ‘भांडण मिटल्यावरचा पहिला चहा’.

“दादा, चाय पीते आदमी को देखके किसको जोश आएगा?” अध्यक्ष म्हणाले.

“जोश बहुत हो गया,” काका म्हणाले.

सगळे हसले. मला मात्र संताप आला. तोफ बहुमताने पास झाली. काकांना मिळाली मागची भिंत, पाण्याच्या टाकीआडची, जिथे धड उभं राहून बघताही येत नाही. शांततेला आपल्याकडे जागा मिळते ती अशी.

काकांनी पंधरा दिवस खपून ती भिंत स्वतः रंगवली. काल मी अंग चोरून टाकीमागे शिरलो. चहा ओतणारा जाड चष्मेवाला म्हणजे खुद्द काका. दुसऱ्यालाही मी ओळखलं, कारण त्यांच्या दिवाणखान्यात त्याचा फोटो आहे. धाकटा भाऊ, बंडू. राहतो याच शहरात, अरेरा कॉलनीत. वडिलांचं इंदूरचं घर विकण्यावरून दोघांचं बिनसलं, त्याला बारा वर्षं झाली.

चित्राच्या कोपऱ्यात लाल शेरा होता, ‘नापास’.

“काय चुकलं, काका?”

“दोघांमधलं अंतर जास्त झालंय.” ते भिंतीला टेप लावून उभे होते. “गावाला अक्कल शिकवतो रे मी. आणि पहिला फोन त्याने करावा म्हणून बारा वर्षं अडून बसलो.”

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुझ्या मोबाइलवरून लाव. माझा नंबर बघून उचलायचा नाही तो.”

मी मोबाइल काढला. नंबर त्यांना पाठ होता.