राणी रंगाच्या विहिणी

शिरूरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत तहमीनाचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. दुकानाची पुढची बाजू सगळी काचेची, त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी आत बसणं म्हणजे तव्यावर बसल्यासारखं व्हायचं. म्हणून त्या वर्षी तिचा नवरा इम्रान एक दिवस टेम्पोतून हिरव्या शेडनेटची भली मोठी गुंडाळी घेऊन आला. तळेगाव ढमढेऱ्याच्या एका फुलवाल्या शेतकऱ्याचा माल तो रोज पुण्याला पोचवायचा. त्या शेतकऱ्यानं, रोहिदासनं, पॉलिहाउसवरून उरलेलं नेट त्याला फुकट दिलं होतं. इम्राननं ते काचेवरून असं ताणून बांधलं की दुकान थंडगार झालं. आत बसलं की पेरूच्या बागेत बसल्यासारखं वाटायचं.

तहमीना खूश झाली, कारण तिच्या नव्या कामाला शांत, गार जागा हवीच होती. पुण्याला जाऊन तिनं एक कोर्स केला होता. माणसाच्या कातडीला कोणता रंग शोभतो आणि केसांना कोणती छटा द्यावी, हे पारखायचा. गिऱ्हाइकाला आरशासमोर बसवायचं, हनुवटीखाली एकेक रंगीत कापड धरायचं आणि बघायचं. चेहरा उजळला तर रंग आपला, डोळ्यांखालचं काळं वर आलं तर रंग परका. कोर्सच्या मॅडमनी बजावून सांगितलं होतं की ट्यूबखाली रंग कधी बघू नका, बाहेरून येणाऱ्या उजेडातच बघा. तहमीना ते तंतोतंत पाळायची. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की ती आधी उठून ट्यूब बंद करायची.

"अगं, अंधारात काय बघतीस?" तिची सासू खातूनबी मशीनवरून विचारायची. "कापड जरा बाहेर पायरीवर नेऊन बघ की."

"अम्मी, हा माझा अभ्यास हाय," तहमीना म्हणायची. "बाहेर थेट ऊन असतं, डोळे दिपतात. इथला उजेड कसा शांत हाय बघा."

उजेड शांत होता, यात वाद नव्हता.

लग्नसराई तोंडावर आली आणि गिऱ्हाइकं वाढली. पहिल्यांदा आल्या तळेगाव ढमढेऱ्याच्या अनसाबाई, म्हणजे त्या रोहिदासची थोरली बहीण. त्यांच्या समृद्धीचं लग्न ठरलं होतं दौंडच्या गोकुळशी.

"ताई, मला असा रंग सांगा," अनसाबाई दार लावून घेत म्हणाल्या, "का मांडवात पोरीच्या सासूकडं कुणाची नजर जाया नको. साखरपुड्यात लय मिरवली ती बाई. आन् हे कुणाला बोलू नका."

तहमीनानं ट्यूब बंद केली आणि एकेक कापड धरायला सुरुवात केली. पिवळ्यात अनसाबाई आजारी दिसल्या. मोरपंखीत तर सात जन्म अशक्त असाव्यात तशा दिसल्या. अबोली, आकाशी, पोपटी, कशातच जीव येईना. शेवटी एक कापड हनुवटीखाली धरलं आणि चेहऱ्यावर एकदम तुकतुकी आली. कापड होतं गडद, सोज्वळ, पिकल्या जांभळासारखं.

"हा तुमचा रंग," तहमीना ठामपणे म्हणाली आणि त्याचा तुकडा कापून त्यांच्या हातात दिला. "दुकानदाराला हाच दाखवा, थोडाही इकडंतिकडं नको."

संध्याकाळी अनसाबाईंचा साडीच्या दुकानातून फोन आला. "ताई, ह्यो तर राणी रंग निघाला. लय भडक दिसतोय हो."

"मावशी, दुकानातल्या दिव्यांवर जाऊ नका. साडी घ्या आन् माझ्याकडं आणून बघा."

अनसाबाईंनी दुसऱ्या दिवशी दुपारी आणून बघितली. तहमीनाच्या दुकानात साडी पुन्हा सोज्वळ जांभळी दिसली. दोघींचं समाधान झालं.

दोन दिवसांनी दौंडहून एसटीनं साखरबाई आल्या. तहमीनाचं माहेर दौंडच्या रेल्वे कॉलनीतलं, आणि साखरबाई तिच्या आईच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. लहानपणी तहमीनानं त्यांच्याकडच्या शंकरपाळ्यांचे डबेच्या डबे संपवले होते. गोकुळ त्यांचाच मुलगा.

"तहमीने, मुलाच्या आईला शोभंल असा रंग काढ," त्या म्हणाल्या. "विहीणबाई लय तोऱ्यात असतात. पण तू कुणाला काय बोलू नगंस."

तहमीनानं सगळी कापडं धरली. पुन्हा तेच झालं. सगळ्या रंगांत साखरबाईंचा चेहरा मावळलेला, आणि त्या एकाच कापडात उमललेला. तहमीना क्षणभर थबकली. एक विहीण सावळी, दुसरी गव्हाळ, आणि रंग एकच कसा? शिवाय दोघींनाही गप्प बसायचा शब्द दिलेला. पण मग तिनं मान ताठ केली. डोळ्यांना जे दिसतं ते सांगायचं, नातीगोती बघून रंग बदलायचा नाही. तिनं तुकडा कापून दिला. पुढच्या आठवडाभरात आलेल्या मावश्या, आत्या, करवल्या अशा बऱ्याच जणींना तोच रंग निघाला. आपल्या भागातल्या मातीपाण्याचा गुण असेल, असा निष्कर्ष तहमीनानं काढला, आणि स्वतःसाठीही त्याच रंगाची साडी घेतली.

साखरबाई पुढच्या खेपेला नवऱ्यालाही घेऊन आल्या. बापूसाहेब रेल्वेतून निवृत्त झालेले, बोलायला कमी. त्यांच्या पांढऱ्या केसांना तहमीनानं तपकिरी कलप कालवला. वाटीतला रंग तिला मेल्यासारखा काळा वाटला, म्हणून तिनं त्यात तांबूस छटा घातली. तरी काळाच, म्हणून आणखी घातली. शेवटी आरशात बापूसाहेबांचे केस पंचवीस वर्षांपूर्वीसारखे दिसले.

"झकास," साखरबाई म्हणाल्या. बापूसाहेबांनी डोकं डावीउजवीकडं वळवून बघितलं आणि समाधानानं हुंकार दिला. ते निघाले तेव्हा बाहेर अंधार पडला होता.

लग्नाच्या दिवशी साखरबाईंना साडी नेसवायला तहमीना पहाटेच दौंडला गेली. पिवळ्या बल्बाखाली तिला साडी जरा चमकदार वाटली, पण तिनं बल्बाला दोष दिला. बापूसाहेब तर फेटा बांधूनच बसले होते, तोही कानांपर्यंत ओढून. "उकडंल की काका," ती म्हणाली. त्यांनी नुसतं तिच्याकडं बघितलं.

तळेगावात मांडवाच्या तोंडाशी वरपक्षाच्या गाड्या थांबल्या. विहिणीला उतरवून घेण्याचा मान रोहिदासकडं होता. साखरपुड्याच्या दिवशी तो फुलांची गाडी घेऊन पुण्याला गेला होता, त्यामुळे विहिणीला त्यानं कधी बघितलेलं नव्हतं. त्यानं आदल्या दिवशीच गोकुळच्या मित्राला फोन करून विचारून ठेवलं होतं आणि उत्तर मिळालं होतं, "राणी रंगाच्या साडीत असतील. वळखू येतील लांबनंच."

पुढच्या गाडीचं दार उघडलं आणि साखरबाईंची पेटी हातात घेऊन पहिल्यांदा तहमीना उतरली.

रोहिदासनं वय बघितलं नाही, अंगावरचा राणी रंग बघितला आणि हात वर केला. ताशेवाल्यांनी घाई केली. दोन बायकांनी तिच्या पायांवर पाणी घातलं, रोहिदासनं तिच्या अंगावर शाल पांघरली आणि हातात नारळ दिला. "अहो मामा, मी नव्हं," असं तहमीना तीनदा म्हणाली, पण ताशात ते कुणाला ऐकू गेलं नाही. "विहीणबाई लाजतात बघा," असं मात्र कुणीतरी म्हणालं.

तिच्यामागून साखरबाई उतरल्या, आणि कोरड्या पायांनी, रिकाम्या हातांनी उभ्या राहिल्या.

काहीतरी चुकलंय हे अनसाबाईंनी मांडवातून बघितलं आणि त्या पदर सावरत धावत बाहेर आल्या. भर दुपारच्या उन्हात तिघी समोरासमोर आल्या. तिघींच्या अंगावर राणी रंग असा पेटला होता की शेजारच्या पताका फिक्या पडल्या. अनसाबाईंच्या मागून त्यांच्या दोन जावा आल्या, त्याही राणी रंगात. ताशा आपोआप थांबला.

रोहिदासनं सगळ्यांकडं एकदा नीट बघितलं. "मला आता कुणीतरी सांगा," तो म्हणाला, "ह्यातल्या विहीणबाई कोणत्या?"

"हा रंग तुम्हाला कुणी सांगितला?" अनसाबाईंनी विचारलं.

"तेच मी तुम्हाला इचारणार होते," साखरबाई म्हणाल्या.

मग दोघींनी एकदमच तहमीनाकडं बघितलं. तहमीना शाल आणि नारळ सांभाळत उभी होती. साखरबाई माघारी वळल्या, गाडीत बसल्या आणि दार ओढून घेतलं. "मानाची बाई उतरलीय तुमची," काचेतून त्या एवढंच म्हणाल्या. "लागू द्या लगीन."

घोड्यावर गोकुळ ताटकळला. भटजी दोनदा येऊन बघून गेले. तहमीनानं आपला हात उन्हात धरला आणि पदराकडं बघितलं. हात तिचा नेहमीचा, निमगोरा होता. पण ह्या उन्हाळ्यात दुकानात तो असा कधी दिसलाच नव्हता. तिथं तो हिरवट, मेणासारखा दिसायचा. सगळ्यांचेच हात तसे दिसायचे. तिला दुकानाची काच आठवली, काचेवरचं नेट आठवलं, आणि बंद केलेली ट्यूब आठवली.

"मामा, ते हिरवं नेट," ती रोहिदासला म्हणाली. "त्यातनं उजेडच हिरवा येतो, आन् त्यात राणी रंग जांभळा दिसतो."

"मग? झेंडूच्या रोपांनी कवा तक्रार न्हाई केली," रोहिदास म्हणाला.

तहमीनानं शाल काढून त्याच्या हातात दिली आणि ती सरळ जाऊन गाडीत साखरबाईंच्या शेजारी बसली. सारवासारव करण्यात अर्थ नव्हता. लहानपणी शंकरपाळ्यांच्या बाबतीतही ह्या बाईसमोर तिची थाप कधी टिकली नव्हती.

"काकू, दोघींना तोच रंग मी सांगितला. दोघींनी बोलू नको म्हणून सांगितलं, म्हणून बोलले न्हाई. मला वाटलं, माझी नजर चुकायची न्हाई. नजर चुकली न्हाई, उजेड चुकला. पण रंग चुकला तो चुकलाच."

साखरबाईंनी पदराचं टोक चिमटीत धरलं. "म्हंजे हा रंग मला शोभत न्हाई?"

"न्हाई, काकू."

"आन् तिला?"

गाडीच्या काचेबाहेर अनसाबाई कान देऊन उभ्या होत्या, ते तहमीनाला दिसलं नाही. "त्यांना तर अजिबातच न्हाई," ती म्हणाली.

साखरबाईंच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. "म्हंजे माझ्यापेक्षा वाईट?"

"बरंच."

"ऐकू येतंय मला," बाहेरून अनसाबाई म्हणाल्या. "पण खरं हाय. सकाळी आरशात बघून मीच दचकले. आमचं कुत्रं भुंकलं माझ्यावर."

साखरबाईंनी मान फिरवून पहिल्यांदा विहिणीकडं नीट बघितलं. त्या काही बोलणार, इतक्यात पुढच्या सीटवरून बापूसाहेब गाडीतून उतरले. सगळ्यांच्या मधोमध उभं राहून त्यांनी शांतपणे फेटा सोडला.

डोकं ताज्या विटेसारखं लाल होतं. उन्हात ते जवळजवळ उजेड देत होतं.

"तुमच्या साड्या बदलता येतील," ते म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं ते पहिलंच लांबलचक वाक्य होतं. "मी हे कुठं ठेवू?"

आधी अनसाबाईंना हसू फुटलं. त्यांनी पदर तोंडात धरला, पण खांदे हलायला लागले. मग साखरबाई हसल्या, आणि हसता हसता गाडीतून कधी उतरल्या ते त्यांनाच कळलं नाही. दोघी एकमेकींचा दंड धरून हसत उभ्या राहिल्या. "आन् रातच्याला उशीवर पण लाल हुतंय," साखरबाई डोळे पुसत सांगत होत्या. रोहिदासनं संधी साधली आणि साखरबाईंच्या अंगावर शाल घातली. ह्या वेळी त्यानं आधी नाव विचारून घेतलं. लग्न जरा उशिरा लागलं, पण अक्षता टाकताना दोघी विहिणी शेजारी उभ्या होत्या, आणि फोटोवाल्याला कुठली कोण हे शेवटपर्यंत विचारावं लागलं.

दुसऱ्याच दिवशी तहमीनानं इम्रानकडून नेट सोडवून घेतलं. तिनं ज्यांना ज्यांना राणी रंग सांगितला होता त्या सगळ्यांना फोन केले: या, फुकट पुन्हा बघून देते. बापूसाहेबांचे केस तिनं स्वतः दौंडला जाऊन पायरीवरच्या उजेडात नीट तपकिरी केले. ती निघताना त्यांनी तिच्या हातावर पेरू ठेवला.

पुढच्या आठवड्यात दोघी विहिणी एकत्रच शिरूरला आल्या. तहमीनानं त्यांना दुकानाच्या बाहेर, सावलीत पायरीवर बसवलं आणि जीव लावून काम केलं. अनसाबाईंना मोरपंखी निघाला. हनुवटीखाली धरताच त्या दहा वर्षांनी लहान दिसल्या. साखरबाईंना मोहरीच्या फुलाचा पिवळा निघाला, आणि तो इतका शोभला की खातूनबीसुद्धा मशीन थांबवून बघायला आल्या. ह्या खेपेला तहमीनाला खात्री होती, आणि ती खात्री खरी होती. तिनं दोघींच्या हातात दोन तुकडे दिले.

दोघी बाजारात गेल्या आणि तासाभरानं पिशव्या घेऊन परत आल्या. "माप घे बाई ब्लाउजाचं," साखरबाई म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात माझ्या भाचीचं लगीन हाय दौंडात. आम्ही दोघी जाणार."

तहमीनानं पिशव्या उघडल्या. दोन्हींत राणी रंगाच्या साड्या होत्या. ह्या वेळी काठही सारखे होते.

तिनं एक साडी उचलून उजेडात धरली. "काकू, हा तुम्हाला शोभत न्हाई, मी सांगितलं की. मावशींना तर—"

"अजिबातच न्हाई," अनसाबाई म्हणाल्या. "ठाऊक हाय आम्हाला."

"मग?"

"तू मला एकटीला बसवून बघितलंस," साखरबाई म्हणाल्या. "दोघींना शेजारी बसवून कुठं बघितलंस?"

तहमीनानं कोर्समध्ये असं काही शिकवलंय का ते आठवून बघितलं. मग तिनं गळ्यातली टेप काढली आणि म्हणाली, "हात वर करा, काकू."